भाऊ सीमेवर आहे, आप्पांच्या आजाराचं त्याला सांगायचं की नाही?

खानापूरची धाकटी (९ मे २०२५)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दादा मिल्ट्रीत आहे, मराठा लाईट इन्फंट्रीत. आत्ता तो नेमका कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथं लिहिलं नसतं.

गावच्या यात्रेला म्हणून तो सुट्टी काढून आला होता. पहलगामचा हल्ला झाला आणि थोड्याच दिवसांत पलटणीतून फोन आला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं मटणाचं जेवण होतं, पै-पाव्हणे सगळे बोलावलेले. तो बॅग भरून बेळगावला गेला, गोवा एक्सप्रेस पकडली. आईनं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पाव्हणे आले तेव्हा ज्याच्यासाठी आले तोच घरात नव्हता.

तो गेल्यावर त्याच आठवड्यात आप्पांच्या छातीत कळ आली. काजूची बोंडं गोळा करत होते, तिथंच बसले. शेजारच्या पिकअपमधून आधी खानापूर, तिथून बेळगाव. एक स्टेंट घातला. आता घरी आहेत. डॉक्टर म्हणतात धोका टळला, खरं तीन महिने ओझं उचलायचं नाही, मीठ कमी, बिडी बंद.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. आईनं मला शपथ घातली आहे. तिचं म्हणणं, "तिथं त्यानं बंदूक धरायची का बापाची काळजी करायची?" आप्पाही तेच म्हणतात. वहिनी सध्या चंदगडला माहेरी आहे, तिचं मत उलटं. ती म्हणते, तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगणार. रोज आमच्या दोघींचं फोनवर भांडण.

दादाचा फोन कधीही येतो, कुठल्या तरी दुसऱ्याच नंबरवरून. दोन-तीन मिनिटं, तीही आवाज तुटत तुटत. पहिल्यांदा "आप्पा कुठं हायत?" म्हणाला, मी म्हटलं शेताकडं गेल्यात. दुसऱ्या वेळी म्हटलं झोपल्यात. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सातला आप्पा डेअरीत दूध घालायला जातात हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो जरा वेळ काही बोललाच नाही, मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला झोप नाही.

आणखी एक. "गावात काय विशेष?" असं तो दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी "काय नाही, सगळं बरं हाय" म्हणते. मग दोघंही गप्प. मिळालेली तीन मिनिटं अशीच जातात. बोलायचं तरी काय? इकडं टीव्हीवर तर काल एका रात्रीत अर्धं पाकिस्तान घेऊन झालं. आई टीव्ही बंद करू देत नाही आणि बघून रडते.

ज्यांच्या घरात मिल्ट्रीतलं माणूस आहे त्यांनी कृपा करून सांगा.

---

बेळगुंदीचा पाव्हणा (९ मे २०२५)

ताई, आई म्हणते तेच बरोबर. आत्ता अजिबात सांगू नका. तिथं डोकं थाऱ्यावर पाहिजे. तुमचे वडील बरे होऊन घरी आलेत, मग सांगून करायचं काय? सुट्टी तर मिळणार नाही. सगळं निवळलं की सांगा.

---

निवृत्त सुभेदार (९ मे २०२५)

पोरी, पलटणीचा नंबर लिहिला नाहीस हे चांगलं केलंस. भावाचा वर्दीतला फोटोही स्टेटसला ठेवू नकोस, आणि गावातल्या पोरांनाही सांग. "आमचा भाऊ अमक्या सेक्टरला" असं मोठेपणानं टाकतात.

आता मुद्दा. घरच्याला वाटतं, सांगायचं म्हणजे थेट त्याच्या कानात सांगायचं. तसं नसतं. पलटणीचा फोन नंबर तुझ्या वहिनीकडं असणार. तिथं फोन करून कंपनीच्या सीनियर जेसीओ साहेबांना (सुभेदार वगैरे हुद्द्याच्या) निरोप देता येतो. वडिलांना काय झालं, कुठं ठेवलं होतं, आता कसे आहेत, एवढं स्पष्ट सांगायचं. त्या माणसाला कधी सांगायचं, ड्युटीवरून आल्यावर का सकाळी, हे ते ठरवतात. मी स्वतः कितीतरी पोरांना घरची वाईट बातमी दिली आहे. आधी त्याला जेवू घालायचं. त्याच्या मुलखातला एखादा जोडीदार शेजारी बसवायचा. मग सांगायचं, आणि शक्य असेल तर तिथल्या तिथं घरी फोन लावून द्यायचा. त्या रात्री त्याला एकट्याला पहाऱ्यावर पाठवायचं नाही. हे सगळं पलटणीला कळतं. घरच्यांनी लपवलं तर यातलं काहीच करता येत नाही, आणि पोरगं एकटंच कुढत बसतं.

सुट्टीचं म्हणशील तर या दिवसांत मिळेल असं नाही. ते कमांडिंग ऑफिसर बघतात. खरं कागद तयार ठेव. पूर्वी तारा यायच्या, "फादर सीरियस, कम सून". पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत सगळ्यांचेच बाप सीरियस व्हायचे! त्यामुळं तार आली की साहेब लोक आधी पोलीस ठाण्याकडून नाहीतर तहसीलदारांकडून खात्री करून घ्यायचे, आणि ज्याचा बाप खरंच आजारी असायचा त्याचेही दोन दिवस त्यात जायचे. तार २०१३ साली बंद झाली, संशय मात्र अजून आहे. म्हणून हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेव.

आणि एक विचारतो. आप्पांचं नाव भावानं अवलंबून म्हणून लावलेलं आहे काय? पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीची पलटण जी नोंद ठेवते तिच्यात, नाव असेल आणि त्यांचं कार्ड असेल, तर बेळगावातच मिलिटरी हॉस्पिटल आहे. उत्पन्नाची अट असते, ती बघावी लागेल. तुम्ही खाजगीत किती घातले ते विचारत नाही.

---

निपाणीकडची अक्का (१० मे २०२५)

सकाळी वाचलं, तेव्हापासून हातातलं काम सुचेना, म्हणून लिहिते. लांब होईल.

१९९९ साली माझा भाऊ तोफखान्यात होता. कारगिल सुरू झालं तेव्हा तो द्रासला आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पत्त्यावर फक्त त्याचा नंबर, नाव, युनिट आणि "५६ एपीओ", म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस. कुठल्याही डोंगरावर असला तरी पत्ता तोच. फोन गावात एकच, एसटीडी बूथवर, आणि तिथं त्याचा फोन त्या अख्ख्या उन्हाळ्यात आलाच नाही. जे काय होतं ते पत्रावर. घरात लिहिणारी मी. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. रात्री भाकऱ्या झाल्या की ती चुलीपाशी बसून सांगायची, मी इनलँड पत्रावर लिहायची. तिच्या अंगाला तंबाखूचा वास, तिच्याजवळ बसून लिहिलेल्या पत्रालाही तो लागायचा म्हणे. भावानंच एकदा लिहिलं होतं, पत्र उघडल्यावर शेजारचा गनर शिंकला म्हणून.

त्या जूनच्या अखेरीस आमची आज्जी गेली. भाऊ तिच्या मांडीवर वाढलेला. काकांनी ठरवलं, त्याला कळवायचं नाही. बेळगुंदीचे पाव्हणे म्हणतात तेच कारण. मी तेव्हा अठरा वर्षांची, मला कोण विचारतो? काका शेजारी उभे राहिले आणि पत्रात "घरी सर्व खुशाल आहेत" एवढंच गेलं.

त्याच्याच रेजिमेंटमध्ये आमच्या पलीकडच्या गावचा एक मुलगा होता. त्याच्या घरून त्याला पत्र गेलं, त्यात पावसापाण्याबरोबर सहज एक ओळ होती की अमक्यांची म्हातारी गेली, बारावं चांगलं झालं. त्यानं माझ्या भावाला विचारलं, तुला सुट्टी नाही मिळाली काय बाराव्याला? त्याला असं कळलं.

मग त्याचं पत्र आलं. शिव्या नाहीत, काही नाही. "आज्जीचं बारावं झालं म्हणे. मी घरात कोण लागतो ते कळवावे." खाली सही. काकांनी ते वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं, कुणाला दाखवलं नाही. मला पुढं कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं.

त्यानंतर त्यानं आमच्या कुठल्याच खुशालीवर विश्वास ठेवला नाही. मी लिहायची आई बरी आहे, तो विचारायचा कशावरून. बैलाचं नाव घेऊन विचारायचा, तो तरी आहे का विकला. म्हणजे ज्या काळजीतून त्याला वाचवायचं म्हणून लपवलं, तिच्या चौपट काळजी त्याच्या मागं लागली, आणि तीही तोफेजवळ बसून. पाव्हणे, राग मानू नका, तुमचं मन चांगलं आहे. खरं धाकटीनं "झोपल्यात" म्हटल्यावर तो गप्प झाला ना, तिथंच त्याला कळलं आहे. आता त्याच्या डोक्यात आप्पा कुठल्या अवस्थेत आहेत देव जाणे. स्टेंट घालून घरी बसलेला बाप त्यापेक्षा केव्हाही बरा.

कसं सांगायचं ते. शेवट आधी सांग. "आप्पा घरी आहेत, बरे आहेत, आत्ता जेवले" हे पहिलं वाक्य. मग काय झालं होतं ते. आणि त्याला तिसरं जे पाहिजे असतं ते लोक विसरतात: तिथं आहे कोण? दवाखान्यात रात्री कोण थांबलं, पैसे कुणाकडून घेतले, म्हशी कोण पिळतंय, डेअरीत दूध कोण नेतंय. तो गेल्यानं घरात जी जागा मोकळी पडली, तिथं आत्ता कोण उभं आहे हे कळलं की माणूस निम्मा शांत होतो. आणि फोन आप्पांच्या हातात दे. तू कितीही सांगितलंस तरी तो आप्पांचा खोकला ऐकूनच खरं मानणार.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "सगळं बरं हाय" हे बोलणं नव्हे. काकांचं ते प्रकरण झाल्यावर मी सगळं लिहायला लागले, अगदी काहीही. वखारीत आईची मजुरी वाढणार म्हणून बोलणी चालली होती ती. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याच्या पोरीनं पळून जाऊन लग्न केलं ते. त्याच्या आधी, ८ जूनला मँचेस्टरला वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान मॅच झाली होती. आपण ४७ धावांनी जिंकलो आणि आपल्या कर्नाटकाच्या व्यंकटेश प्रसादनं पाच जणांना काढलं. ती मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघून सगळी लिहून काढली होती, कोण कसा आऊट झाला तेसुद्धा. ते पत्र म्हणे तोफेच्या आख्ख्या क्रूनं वाचलं. लढाई चालली होती तिथं, आणि त्यांना हवा होता सलीम मलिक कसा गेला तो तपशील.

सगळ्यात जास्त त्याला हवं असायचं शेत. कुठल्या तुकड्यात काय पेरलं, कुणाची कुरी आणली, मृग लागला का कोरडा गेला. एकदा मी लिहिलं की बाबा ओढ्याकडच्या पट्ट्यात सोयाबीन टाकणार आहेत. त्याचं दीड पानी उत्तर! तिथं पाणी साचतं, मागच्या वेळचं विसरलात काय, भुईमूग वरच्या अंगाला घ्या आणि तिथं भात टाका. बाबांनी माझ्याकडून उलट लिहून घेतलं, तू तोफ बघ, शेत मी बघतो. त्यावर त्याचं आणखी पत्र. हे भांडण पोचेपर्यंत सोयाबीन गुडघ्याला आलं होतं, खरं दोघंही मागं हटले नाहीत. त्या दिवसांत बाबा पहिल्यांदा हसलेले मी बघितले ते या पत्रावर. तू त्याला नुसतं सांगू नकोस, विचार. हे करू का ते करू म्हणून विचार. फोन कट झाला तरी पुढच्या फोनपर्यंत त्याला विचार करायला काहीतरी राहतं.

लढाईचं मात्र काही विचारू नकोस आणि सांगूही नकोस. टीव्हीवरच्यापेक्षा त्याला जास्त माहीत आहे. आमची आईही दूरदर्शनवर प्रत्येक जवानाच्या तोंडात त्याचं तोंड शोधायची. शेवटी बाबांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, ही आली की बातम्या लावू नका, सिनेमा लावा.

पत्र लिहिणार असशील (आजकाल कुणी लिहीत नाही, खरं लिही) तर वरच्या कोपऱ्यात नंबर टाक. तिकडं डाक गठ्ठ्यानं पोचते आणि मागचं पुढं होतं. बाबांना ताप आला होता, तेव्हा "ताप उतरला" हे पत्र त्याला आधी मिळालं आणि "ताप आलाय" हे नंतर. त्याला वाटलं ताप उलटला. त्यानंतर मी नंबर घालायला लागले.

---

चंदगडची सून (१० मे २०२५)

अक्का, शेताचं तुम्ही लिहिलं ते अगदी खरं. आमचे हे तर काजूचा दर विचारल्याशिवाय मुलाचंही नाव घेत नाहीत.

धाकटी, एक उपाय. आप्पांच्या आवाजात एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून दादाच्या नेहमीच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेव. फोन त्यांच्या हातात कधी येईल सांगता येत नाही, खरं नेट मिळालं की ते आपोआप येतं आणि परत परत ऐकता येतं. मी रोज रात्री मुलाचं बोलणं असं टाकून ठेवते. एकदा पंधरवड्याचं एकदम पोचलं. त्यात पोराचा सर्दीचा आवाज लागोपाठ चार वेळा ऐकून त्यांनी मलाच विचारलं, औषध दिलंस की नाही. आणि तुझ्या वहिनीशी भांडू नकोस गं. ती चूक नाही.

---

बेळगुंदीचा पाव्हणा (१० मे २०२५)

अक्का, राग कसला. माझा धाकटा भाऊ यंदा भरतीची तयारी करतोय, सांबऱ्याच्या रस्त्यावर पहाटे पळतो. त्याच्या डोक्यानं विचार केला आणि लिहिलं. आता संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवल्याची बातमी आली आहे. तरीही माझं मत, दोन दिवस थांबून सांगा.

---

खानापूरची धाकटी (१३ मे २०२५)

सगळ्यांचे आभार. सांगितलं.

परवा रात्री फोन आला. मी एका दमात बोलले, अक्कांनी सांगितलं तसं: आप्पा घरी आहेत, भाकरी खाल्ली, मीठ कमी म्हणून आईवर चिडले, स्टेंट घातलाय. दादा म्हणाला, "मला त्या दिवशीच कळलं. सात वाजता आप्पा झोपत्यात होय?" मग पहिला प्रश्न हाच, दूध कोण नेतंय. मी म्हटलं मी नेते, स्कूटीवरून. तर म्हणाला, उताराला ब्रेक बघून घे, मागचा लागत नाही.

मग आप्पांना दिला. मला वाटलं आता दोघं रडणार. कसलं काय! आप्पा म्हणाले रोहिणी लागली की धूळवाफ पेरणी करायची आहे, पावसाआधीच कोरड्यात, मी बांधावर उभा राहून सांगीन. दादा म्हणाला उभंही राहायचं नाही, यंदा ट्रॅक्टरवाल्याला सगळंच ठरवून द्या, पैसे मी पाठवतो. आप्पा म्हणाले त्याला आमच्या शेताची खोली काय ठाऊक. दादानं आवाज चढवला, आप्पांनीही चढवला. मी डॉक्टरांनी चिडू नका सांगितलंय म्हणून हात जोडतेय, तोवर फोन कट. आप्पा फोनकडं बघून म्हणाले, "ऐकत नाही बघ." खरं त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आई माझ्याशी एक जेवणभर बोलली नाही. नंतर भांडी घासताना विचारलं, माझं काय विचारलंन? खरं म्हणजे तिचं विचारायच्या आधीच फोन कट झाला होता. मी तसंच सांगितलं. म्हणाली, पुढच्या वेळी आधी माझ्याकडं दे.

ताईंनी सांगितलेलं रेकॉर्डिंगही केलं. आप्पा त्यात निम्मा वेळ म्हशीलाच हाका मारत्यात.

सुभेदार काका, आप्पांचं कार्ड दादाच्या ट्रंकेत सापडलं. त्यावर फोटो जुना आहे आणि नावात "आप्पा" जोडलंय, आधार कार्डावर ते नाही. चालतं काय?

---

निवृत्त सुभेदार (१३ मे २०२५)

नावात फरक असेल तर खिडकीवर अडवतात. भावाला पुढच्या फोनला सांग, त्याच्या कंपनीच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डरमधलं स्पेलिंग बघून घेऊ दे आणि दुरुस्तीचा अर्ज तिथूनच घालू दे. ते काम इथून होत नाही. तोवर कार्ड, आधार आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेव. बेळगावात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं एकदा कागद दाखवून घे. दुपारच्या जेवणाच्या आधी जा. आणि स्कूटीचा ब्रेक आधी बघ, ते काम आजच करण्यासारखं आहे.